आबा नॉट आऊट असेपर्यंत

भोर तालुक्यातल्या एका वाडीत मी सांगितलं की मी पूर्वी क्रिकेटचा अंपायर होतो. नव्हतो.

थाप मारायचं काही कारणही नव्हतं. कुणी गळ घातली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. ती वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडे जाताना आत वळलं की लागते. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिथे अधूनमधून माझं नाव निघतं असं ऐकतो, ते तिथल्या तिथेच राहिलेलं बरं. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांनी पाहिलाय, आणि विशेषतः जे त्या दिवशी बांधावर बसले होते, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

वेल्हे

मी पुण्यात एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. माझा विषय आहे ग्रामीण भागातल्या खेळांचं आणि फावल्या वेळाचं सामाजिक व सांस्कृतिक महत्त्व. विषयाचं नाव इतकं भारदस्त आहे की ते घेऊन मी कितीतरी चर्चासत्रं झोडली, आणि कुणीही एकदासुद्धा विचारलं नाही की तुम्ही स्वतः काय खेळता. ते बरंच झालं. शाळेत दोन्ही संघांचे कप्तान मला आळीपाळीने समोरच्या संघाला देऊ करायचे.

सुरुवात वेल्ह्यापासून केली. चैत्र होता. ऊन असं की डोक्यावर टोपी असूनही टोपीच्या आत ऊन आहे असं वाटावं. गावाच्या टोकाला एका घराच्या पडवीत पाचसहा बायका चिंचा फोडत बसल्या होत्या. सालं एकीकडे, चिंचोके एकीकडे, मध्ये चिंचेचा ओलसर काळपट ढीग. मी पडवीच्या कडेला बसलो आणि माझा पहिला प्रश्न टाकला: फावल्या वेळात आपण काय करता?

त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी फावला म्हणजे कुठला ते विचारलं. मी म्हणालो, जेव्हा काही काम नसतं तो. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चिंचांच्या ढिगाकडे.

"ह्योच की," त्या म्हणाल्या.

मला धक्का बसला. माझ्या कागदावर ‘चिंच फोडणे’ हे श्रम या सदरात होतं. इथे मात्र बायका सकाळपासून एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या, मधूनच ओव्या म्हणत होत्या, आणि हात आपोआप चालले होते. भात लावणं हे काम, सरपण आणणं हे काम. हे बसून हसणं कुणाच्या हिशेबात काम? मग त्यांनी मला उलट विचारलं की लोकांच्या रिकामपणाची चौकशी करणं हा जर माझा धंदा, तर माझा फावला वेळ कुठला. मी अजून विचार करतोय.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण एकीने फुगडी घालता का म्हणून चेष्टा केली आणि मी, सहभागी निरीक्षण ही आमच्या शास्त्रातली मान्य पद्धत आहे असं मनाशी म्हणत, उभा राहिलो. ती बाई माझ्याहून वयाने मोठी असेल. तिसऱ्या गिरकीला सह्याद्री माझ्याभोवती फिरायला लागला आणि मी जाऊन बसलो तो थेट चिंचेच्या ढिगात. पुढचा सगळा प्रवास मी मागून तपकिरी होतो. थोरल्या बाईंनी मला उठवलं नाही. आधी चिंच उचलली.

भोरहून वर

वेल्ह्याहून एसटीने नसरापूर, मग हायवेला कामथडी मागे टाकून कापूरहोळ आणि तिथून भोर. भाटघरचं पाणी पार आत सरकलं होतं. भोरला स्टँडबाहेर संतोष टेम्पो घेऊन थांबला होता. संतोष म्हणजे आमच्या सोसायटीत दर हंगामाला आंबेमोहोर तांदूळ विकायला येणारा. भावात घासाघीस करता करता ओळख झाली, आणि त्यानेच सांगितलं होतं की गावच्या यात्रेला मोठे सामने असतात, खेळच बघायचा तर या.

टेम्पोत पुढच्या सीटवर मला जागा नव्हती. तिथे शकीलभाई होते. भोरात त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा आहे. वडिलांपासून चालत आलेला. पण त्या खोऱ्यात त्यांना ओळखतात ते आवाजासाठी. लग्नाची वरात, यात्रा आणि क्रिकेटचा सामना, यातलं काहीही शकीलभाईंनी माईक हातात घेतल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी मला सभ्यपणे सांगितलं की सर, तुम्ही पुढे बसा, मी मागे बसतो. मी म्हणालो छे छे. ते लगेच बरं म्हणाले. मी मागे, दोन स्पीकरांच्या खोक्यांमध्ये, गुडघे हनुवटीला लावून. एका बाजूला निरा देवघरचं पाणी, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी, आणि प्रत्येक वळणाला एक खोका माझ्या अंगावर.

वाडीत मुक्काम आबांकडे होता. आबा म्हणजे संतोषचे चुलते. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, कानात भिकबाळीची नुसती भोकं राहिलेली. बोलणं कमी. रात्रीला नाचणीची भाकरी, सुकटीचा ठेचा, कैरीचं पन्हं आणि वर वाफाळता आंबेमोहोर, ज्याचा एवढा वास आमच्या सोसायटीत मला कधीच आला नव्हता. पंगतीला आबांचा मुलगा दत्ताही होता. तो शिरवळला कंपनीत, राहायला धनकवडीला. यात्रेसाठी आलेला.

बापलेक एकमेकांशी थेट बोलत नव्हते. आबा संतोषला म्हणायचे, भाकरी पाहिजे का विचार त्याला. दत्ता म्हणायचा, संतोष, आबांना सांग, गोळी घेतली का. दोघांच्यात हातभर अंतर. मी मनात नोंद केली: वडीलधाऱ्यांशी बोलण्याची पारंपरिक आदबशीर पद्धत. अशा नोंदींवर माझी बढती झालेली आहे.

जेवताना निघालं की ठरलेल्या अंपायरच्या घरी लग्न निघालंय, तो येणार नाही. ही वाडी आणि खालची वाडी, दोन्हींना चालेल असा दुसरा माणूस नाही. वेल्ह्याकडचा संघ तर सकाळीच पिकअप भरून येणार. आणि हातात भाकरीचा तुकडा धरून मी म्हणालो, "विद्यापीठाच्या सामन्यांना मी अंपायर म्हणून असायचो."

सामन्यांना असायचो हे खरं. प्रेक्षकांत.

आबांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आदराने.

खाचर

त्या वाडीत सपाट जमीन म्हणाल तर एकच, आबांचं भाताचं मोठं खाचर. बाकी सगळं उताराला. भात निघालं की तिथे मध्ये पाणी मारून, दगडी रूळ फिरवून पट्टी करतात आणि तेच मैदान. नियम जागेप्रमाणे. वरच्या बांधाला बॉल लागला तर चार. खालच्या खाचरात पडला तर सहा. जांभळीत अडकला तर दोन. गोठ्यात गेला तर बॅट्समन आऊट, कारण म्हैस उधळते आणि मग कुणीच खेळू शकत नाही. हे ऐकून मला हसू आलं होतं. क्रिकेटच्या नियमात म्हशीचा विचार केलेला मी आजवर कुठे पाहिला नव्हता. आता वाटतं, विचार तर सगळ्याचाच केलेला होता, फक्त माझा नव्हता.

दुसरा नियम मला सकाळी कळला, पण अर्धा. संतोष म्हणाला, सामन्यांचा पहिला बॉल आबा खेळतात. मी म्हटलं, ओहो, उद्घाटन. आमच्याकडे पुण्यातही प्रमुख पाहुणे बॅट धरतात, फोटो काढतात आणि निघून जातात. संतोष घाईत होता. उरलेला अर्धा नियम त्याने सांगितला नाही, आणि मला माहीत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तिथे लहान पोरालाही माहीत आहे.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. दत्ताला ते खाचर विकायचं होतं. पुण्याची माणसं त्या भागात घरं बांधायला जागा बघत हिंडतायत. पाणी दिसलं पाहिजे, डोंगर दिसला पाहिजे, आणि जमीन सपाट पाहिजे. आबांच्या खाचरातून तिन्ही मिळतं. दत्ताचंही काही चुकत नव्हतं. एका भातावर कुणाचं घर चालतं? त्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं. गेल्या यात्रेला चार लोकांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला तेव्हा आबा बॅट हातात घेऊन सगळ्यांसमोर बोलून गेले की जोवर म्या हितं नॉट आऊट हाय तोवर खाचर खेळायला. आऊट झालो की दत्त्या म्हणंल तिथं सही करतो.

म्हातारा माणूस बोलला म्हणजे बोलला. तेव्हापासून त्या खाचरात, साध्या सरावालासुद्धा, आबांना बॉल टाकायचा म्हणजे बोलरच्या हाताला घाम फुटतो. जगात सगळीकडे बोलर विकेट मिळावी म्हणून देवाला हात जोडतो. इथे मिळू नये म्हणून.

आणि मी काय करत होतो? मी सकाळी आबांच्या माजघरातल्या आरशासमोर उभा राहून चौकार, षटकार आणि आऊट यांच्या खुणांचा सराव करत होतो. आऊटची मला सगळ्यात छान जमली.

पहिला बॉल

बांध माणसांनी भरले होते. एकीकडे मटणाची भली मोठी हंडी रटरटत होती. वेल्ह्याकडची पोरं आली होती, खालच्या वाडीची आली होती. शकीलभाईंनी जांभळीखाली टेबल मांडलं होतं. त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी की पुण्याहून खास आपल्यासाठी विद्यापीठाचे नामांकित अंपायर. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला, ‘अंपायर, अंपायर’. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. मागून मी अजून तपकिरीच होतो, पण मागून मला कोण बघणार, मी खाचराच्या मधोमध उभा.

आबा आले. चपला काढून स्टंपांच्या मागे नीट जोडून ठेवल्या. मातीला हात लावून कपाळाला लावला. बॅट धरली. बोलर संतोष. त्याने ठरल्याप्रमाणे बॉल पट्टीच्या पार बाहेर टाकला, इतका बाहेर की आबांना हात लांब करूनही पोचता येऊ नये. पण पट्टी रूळ फिरवून केलेली. तिच्या बाहेर भाताची धसकटं तशीच. बॉल एका धसकटावर पडला आणि चावल्यासारखा आत वळला. आबांची बॅट आली नाही. बॉल आबांच्या नडगीवर, बरोबर स्टंपांसमोर.

माझं बोट वर गेलं.

मी ते वर केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते सकाळपासून वर जायची वाट बघत होतं.

मला टाळ्यांची अपेक्षा होती. आवाज बंद झाला. माईक बिघडलाय असं मला वाटलं. माईक चालू होता, शकीलभाई बंद पडले होते. हंडीजवळचा माणूस पळी वर धरून तसाच थांबला. संतोष जिथे बॉल टाकला तिथेच खाली बसला. आबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, बॅट काखेत मारली, मागे जाऊन चपला घातल्या आणि चालत जांभळीखाली जाऊन बसले.

दत्ता खालच्या बांधावर उभा होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला हवं ते मिळालं होतं, आणि तो पांढराफटक पडला होता.

मी बोट खाली घ्यायचं विसरलो होतो. संतोषने येऊन ते धरून खाली घेतलं. मग त्याने मला उरलेला अर्धा नियम सांगितला. हळू आवाजात, जसं घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं. मी म्हणालो, पण आऊट तर होतेच ना. संतोष म्हणाला, "सर, टेनिस बॉलला एलबीडब्ल्यू नसतो. कुठंच नसतो."

मी म्हणालो, असं का?

"आन अपील तरी कुनी केलं व्हतं?"

हे मात्र खरं होतं. त्या सबंध खोऱ्यात आबा आऊट आहेत असं वाटणारा मी एकटाच माणूस होतो.

मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. आमच्या आवारात पार्किंगच्या भिंतीवर पाटी आहे, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’. ती लावण्याच्या ठरावावर माझी सही आहे. चेंडूने माझ्या गाडीचा आरसा फुटला होता. खेळाच्या सामाजिक महत्त्वावरचा माझा एक निबंध त्याच आठवड्यात छापून आला. पुण्यात एक मैदान मी सहीने घालवलं, इथे एक बोटाने.

मी जांभळीकडे जवळजवळ धावतच गेलो. म्हणालो, आबा, चूक झाली, निर्णय मागे घेतो. आबा म्हणाले, बोट मागे येत नाही. मला वाटलं ते रागावलेत. ते रागावले नव्हते, तेच तर वाईट होतं. संतोषने सांगितलं की पूर्वी ह्याच खाचरात अंपायरच्या निकालावरून दोन वाड्यांची डोकी फुटली होती, वर्षभर येणंजाणं बंद होतं. शेवटी आबांनीच दोन्हीकडच्यांना मातीवर हात ठेवायला लावला की अंपायरचं बोट म्हणजे शेवटचं. आता स्वतःवर वेळ आली म्हणून ते मोडायचं? ते मोडलं असतं तर खाचर राहिलं असतं आणि उद्या त्यात पुन्हा डोकी फुटली असती.

लोक भोवती जमले. जो तो काहीतरी तोड काढत होता. वेल्ह्याकडच्या कप्तानाने तर सांगितलं की आम्ही बॉल पाहिलाच नाही, आम्ही चहा पीत होतो. सगळा संघ माना हलवायला लागला. आबा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले की निकाल मागे घेता येत नाही ते खरं, पण निकाल देणारा अंपायर होता की नव्हता, एवढं विचारता येईल. अंपायर नसंल तर ते नुसतं एका मानसाचं बोट.

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण याचा अर्थ आता माझी परीक्षा.

विचारायला पाचपन्नास लोक पुढे सरसावले. आबांनी हाताने सगळ्यांना थांबवलं. तुम्ही सगळे खेळाच्या बाजूचे, तुम्ही कसे विचारणार, म्हणाले. मग त्यांनी खालच्या बांधाकडे पाहिलं.

"दत्ता. तू इचार."

लोक चपापले ते मला दिसलं. मला वाटलं, ज्याचा फायदा आहे त्यालाच न्यायाला बसवलं म्हणून. ते होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या खूप उशिरा लक्षात आली. आबा त्याच्याशी बोलले होते.

दत्ता

दत्ता वर आला. पायात कंपनीत घालतात तसले काळे बूट, त्यांवर खाचराची धूळ. त्याने शकीलभाईंकडून माईक घेतला आणि माझ्या तोंडासमोर धरला, म्हणजे मी जे बोलेन ते डोंगरालाही ऐकू जावं.

तो मला सहज सोडू शकला असता. ओव्हरमध्ये बॉल किती, असं काहीतरी विचारलं असतं तरी मी पास झालो असतो, आणि खाचर त्याचं. त्याने तसलं काही विचारलं नाही.

"सर, आजच्या आदी कधी अंपायर म्हणून उभे राहिलाय?"

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी ताबडतोब खरं सांगितलं असेल. लाज वाटते, पण मला वेळ लागला. एका बाजूला वाडीचं खाचर, दुसऱ्या बाजूला ‘विद्यापीठाचे नामांकित’, आणि माझ्या मनाने तराजू हातात घेतला. मी म्हणालो की तसं पाहिलं तर अंपायर या संकल्पनेकडे आपण व्यापक अर्थाने पाहिलं पाहिजे, दीर्घकाळ सामने जवळून पाहिल्यामुळे एक प्रकारची...

शकीलभाईंनी माईकच्या दिशेने वाकून सबंध खोऱ्याला सांगितलं की मंडळी, सर घाटानं चाललेत, पोचायला येळ लागंल.

"व्हय का न्हाई?" दत्ता म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

समोरच्या डोंगराने तो शब्द उचलला आणि परत पाठवला. एकदा, मग थोडा बारीक, मग आणखी लांबून. मी आयुष्यात व्याख्यानं खूप दिली, पण इतका दूरवर पोचलेला शब्द हा एकच. आधी एक बाई हसली, मग बांधच्या बांध हसायला लागले. हंडीजवळच्या माणसाने पळी परत आत घातली.

दत्ता हसला नाही. हशा संपेपर्यंत थांबला. मग त्याच माईकवर, पण मला नाही, जांभळीकडे बघत म्हणाला, "मला खाचर इकायचंय. ते म्या कुनापासनं लपवलं न्हाई. पर असल्या बोटावर न्हाई."

कुणीतरी बॉल संतोषकडे टाकला. पहिला बॉल पुन्हा व्हायला हवा होता. दत्ताने हात पुढे केला.

"आन हिकडं. म्या टाकतो."

त्या दिवशी मला बसलेले धक्के मी इथवर सांगत आलोय, पण हा सगळ्यात जोराचा. संतोष बॉल द्यायला तयार नव्हता. त्याने तो पाठीमागे धरला. लोक आबांकडे बघायला लागले. आबांनी पुन्हा चपला काढल्या, पुन्हा जोडून ठेवल्या, आणि बॅट घेऊन उभे राहिले. मग संतोषला बॉल द्यावाच लागला. शकीलभाईंनी माईक टेबलावर आडवा ठेवला आणि ते स्वतः अंपायरच्या जागी गेले. मला कुणी सरकायला सांगितलं नाही. मी आपणहून सरकलो, आणि फार मागे सरकलो.

दत्ताने बूट काढले. मोजे काढले. पाऊल मातीत दाबून पाहिलं. मग तो मागे चालत गेला, चालतच राहिला, पार खालच्या बांधाला पाठ लागेपर्यंत. संतोष माझ्या शेजारी पुटपुटला की हा लहानपणापासून इथूनच पळत यायचा, तालुक्यात ह्याला कुणी खेळत नव्हतं. मी पुढचं ऐकलं नाही. दत्ता धावत सुटला होता. त्याने बॉल बाहेर टाकला नाही. तो आला सरळ, पट्टीवर, स्टंपांच्या दिशेने.

आबांची बॅट खाली आली. टक् असा एवढासा आवाज झाला. बॉल त्यांच्या पायाशी घुटमळला आणि थांबला.

शकीलभाईंनी कुठलीच खूण केली नाही. करायचीच नव्हती. दत्ता पुढे आला, वाकून आपल्या बापाच्या पायाजवळचा बॉल उचलला, संतोषच्या हातात दिला आणि बूट हातात घेऊन बांधावर जाऊन बसला. मागून आरडाओरडा सुरू झाला, शकीलभाई माईककडे धावले, हलगी वाजायला लागली.

आबा सावकाश त्याच बांधावर गेले. दत्ताच्या शेजारी नाही, थोडे अलीकडे. पाण्याचा तांब्या आला तसे ते स्वतः प्यायले आणि त्यांनी तो पुढे सरकवला. मध्ये संतोष नव्हता, कुणीच नव्हतं. दत्ताने तांब्या घेतला.

खाचर या वर्षापुरतं राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा एक बॉल आहेच, आणि दत्ताचं मत बदललं असं काही मला दिसलं नाही. सामने दिवसभर चालले. मी बांधावर बसून मटण खाल्लं. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला बोट दाखवून जात होता, आकाशाकडे. वेल्ह्याचा संघ जिंकला. त्यांच्या कप्तानाने मला आग्रहाने सांगितलं की पुढच्या वर्षीही या, फक्त त्यांच्याविरुद्ध असणाऱ्या संघाकडून.

दुपार कलली तेव्हा आबा तंबाखू मळत एकटे बसलेले दिसले. मी जाऊन शेजारी बसलो. एवढं सगळं झाल्यावर गप्प राहायला हवं होतं हे मला आज कळतं. पण प्रश्न मला सकाळपासून छळत होता, आणि प्रश्न विचारणं हा तर माझा पेशाच. दत्ताचा तो बॉल मला सरळ दिसला होता, पण वेगाचं मला काही कळत नव्हतं. म्हणून मी विचारलं, आबा, खरं सांगा, दत्ताने बॉल मुद्दाम हळू टाकला का? त्याला तुम्ही आऊट व्हायला हवे होतात, की नको होतात?

आबांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. उरलेली हातावरून झटकली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमाला बॅट-बॉलमदलं कळत न्हाई. बापलेकामदलं कुटं इचारत बसलाय?"